सर्व्हिसिंगनंतर दोनच दिवसांत गाडी बंद: कावळा बसला की फांदी कापली?

छाणी (वडोदरा), प्रतिनिधी

शनिवारी गाडी सर्व्हिसिंग करून घेतली आणि सोमवारी तीच गाडी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी. असं ज्याच्या बाबतीत झालं नाही असा गाडीवाला शोधून सापडणार नाही. मग डोक्यात पहिला विचार एकच येतो: "मेकॅनिकनं फसवलं." आणि मेकॅनिकचं पहिलं उत्तरही ठरलेलं असतं: "साहेब, आमच्याकडून गाडी ओके गेली होती."

दोघांतलं खरं कोण? कधी तो, कधी आपण, आणि बऱ्याचदा दोघेही अर्धे अर्धे. आपल्या नंदुरबार, नवापूर, अक्कलकुव्याच्या लोकांसाठी यात आणखी एक गुंता असतो. गॅरेज गुजरातेत, गाडी आणि घर महाराष्ट्रात. भांडायचं कुठं? माझ्यावर ही वेळ आली तेव्हा जे शिकलो ते, आणि कायदा काय सांगतो ते, इथं सविस्तर मांडतो.

काय झालं होतं

छाणी म्हणजे वडोदऱ्याच्या उत्तरेचं जुनं गाव. आता शहरातच मिसळलंय. जैन देरासरांमुळे नाव असलेलं, आणि जकात जाऊन इतकी वर्षं झाली तरी "छाणी जकातनाका" म्हणूनच रिक्षावाल्याला सांगावं लागतं असं. माझी थोरली बहीण तिथं राहते. आईच्या डोळ्याच्या तपासणीसाठी वडोदऱ्याला गेलो होतो. दवाखान्याचं काम शनिवारी आटोपलं. दाजी म्हणाले, "गाडी उभीच आहे तर सर्व्हिस करून घ्या, इथं आपला ओळखीचा माणूस आहे, नंदुरबारपेक्षा स्वस्तात होईल."

गाडी नऊ वर्षं जुनी, पेट्रोलवरची. संध्याकाळी गॅरेजवाल्यानं दाजींना व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीचा मेसेज टाकला: ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, पुढचे ब्रेक पॅड, लेबर, एकूण 6,850. मी विचारलं, "बिल?" तो म्हणाला, "पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के वर लागतील." मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशोब लगेच केला. 1,233 रुपये वाचत होते. नको म्हणालो आणि रोख दिले. जॉब कार्ड नाही, बिल नाही, यूपीआयचीही नोंद नाही.

सोमवारी सकाळी आईला घेऊन निघालो. राजपिपळा सोडून डेडियापाड्याकडे चढाचा रस्ता लागला आणि टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकायला लागला. आई मागं झोपली होती. मला वाटलं, चढ आहे, एसी चालू आहे, होतं असं. पुढं चहाची टपरी दिसेल तिथं थांबू म्हणून तशीच रेटली. चार-पाच किलोमीटर तरी असेल. मग बॉनेटमधून वाफ आली तेव्हा थांबलो.

डेडियापाड्याच्या मेकॅनिकनं इंजिन थंड होऊ दिलं, मग खाली वाकून बघितलं. रेडिएटरच्या खालच्या होज पाइपचा क्लॅम्प ढिला होता. पाइप शाबूत, कुठं चीर नाही. फक्त क्लॅम्पचा स्क्रू आवळलेला नव्हता. दोन दिवस थेंब थेंब गळून कूलंट संपत आलं होतं. मी आधी क्लॅम्पचे, सांध्यावरच्या ताज्या हिरव्या डागांचे फोटो काढले, छोटा व्हिडिओही केला. त्यानं क्लॅम्प आवळला, पाणी भरलं, 600 रुपये घेतले. आईसाठी खुर्ची टाकून "मासी, बेसो" म्हणाला, ते वेगळंच.

घरी पोचलो. पण दुसऱ्या दिवशी सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि टाकीतलं पाणी परत कमी. नंदुरबारच्या मेकॅनिकनं हेड उघडलं. गॅस्केट उडालं होतं. हेड लेथवर नेऊन फेसिंग, गॅस्केट सेट, नवीन ऑइल, कूलंट, मजुरी मिळून 14,200. आधीचे 600 धरून 14,800.

आता छाणीच्या गॅरेजवाल्याला फोन. त्याचं पहिलं वाक्य: "कूलंटला तर आम्ही हातच लावला नाही."

"नंतर झालं" म्हणजे "त्यामुळं झालं" नव्हे

इथं जरा थांबून तांत्रिक बाजू समजून घेऊ, कारण सगळा वाद इथंच अडतो. मराठीत म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. फांदी आधीच किडलेली असते, कावळा निमित्त होतो. पण कधी कधी फांदी खरोखर कोणी कापलेलीही असते. गाडीच्या बाबतीत हे ओळखता येतं. सर्व्हिसिंगनंतरचा बिघाड साधारण चार प्रकारांत बसतो.

पहिला प्रकार, कामातली चूक. ज्या भागाला मेकॅनिकनं हात लावला, नेमका तोच भाग बिघडतो. ऑइल चेंबरचा नट ढिला राहतो किंवा जास्त आवळून आटे जातात. जुन्या ऑइल फिल्टरचा रबरी वायसर इंजिनलाच चिकटून राहतो आणि नवा फिल्टर त्याच्यावर बसवला जातो, मग दाब आला की ऑइल सुटतं. चाकाचे नट पुरेसे आवळलेले नसतात. बॅटरीचं टर्मिनल ढिलं राहतं. एअर फिल्टर बदलताना काढलेला सेन्सरचा कनेक्टर परत लावायचा राहतो आणि इंजिनचा पिवळा दिवा लागतो. कूलंट भरल्यावर आत राहिलेली हवा काढली जात नाही. अशा चुका शक्यतो लवकर उघड होतात. काही पहिल्या दिवशी, काही पहिल्या लांबच्या फेरीत.

दुसरा प्रकार, भाग खराब. काम बरोबर, पण बसवलेला पार्ट डुप्लिकेट किंवा मुळातच सदोष. यात मेकॅनिकही फसलेला असू शकतो. मात्र तुमच्याशी व्यवहार त्यानं केलाय, दुकानदारानं नाही. त्यामुळं तुम्ही त्यालाच विचारणार, त्यानं पुढं दुकानदाराला विचारावं.

तिसरा प्रकार, निव्वळ योगायोग. ऑइल बदललं आणि आठवड्यात अल्टरनेटर गेला. ब्रेक पॅड बदलले आणि क्लच संपला. यांचा एकमेकांशी संबंध नाही. नऊ-दहा वर्षांच्या गाडीत काही ना काही रांगेत उभंच असतं. इथं मेकॅनिकला दोष देणं म्हणजे दाढी करून आल्यावर दात दुखला म्हणून न्हाव्याला पकडणं.

चौथा प्रकार सगळ्यात अवघड. भाग जुना होता, पण हात लावल्यामुळं आत्ता तुटला. वर्षानुवर्षं उष्णतेनं कडक झालेला रबरी पाइप, ठिसूळ प्लास्टिकचा क्लिप, गंजलेला बोल्ट. न हलवता तो आणखी सहा महिने चालला असता. मेकॅनिकनं कामासाठी हलवला आणि तो गेला. ही चूक म्हणायची का? माझं मत असं की तुटणं ही चूक नाही, न सांगणं ही चूक आहे. "पाइप कडक झालाय, बदलून घ्या, नाहीतर जबाबदारी माझी नाही," हे गाडी देतानाच सांगितलं असेल तर तो सुटतो. काहीच न बोलता गाडी हातात दिली असेल तर उत्तर त्यानं द्यायला हवं.

म्हणून फोन उचलायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. बिघडलेल्या भागाला किंवा त्याच्या शेजारच्या भागाला सर्व्हिसिंगमध्ये हात लागला होता का? बिघाड झिजेचा आहे की जोडणीचा? आणि तो लक्षात आल्यावर मी काय केलं?

माझ्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्या बाजूनं होती. तिसऱ्याचं नव्हतं.

रस्त्यावर काय करायचं

गाडी बिघडली की आधी जीव, मग गाडी, मग भांडण, हा क्रम.

लाल दिवा म्हणजे थांबा. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर "पुढच्या गावापर्यंत" हा विचारसुद्धा करायचा नाही. इंजिन लगेच बंद. टेंपरेचरचं तसंच. काटा वर जायला लागला की एसी बंद करून सुरक्षित जागा बघून थांबायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली उकळत असतं, तोंड-हात भाजतात. पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल तर गाडी सांभाळून जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. ब्रेक मऊ लागला किंवा चाकातून खडखड आली तर एक किलोमीटरही नाही.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा मदत क्रमांक आहे. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर टोइंग त्यातून होतं. पण एक गैरसमज काढून टाका. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि झीज येत नाही. हेड गॅस्केट उडालं म्हणून विमा कंपनी पैसे देईल अशी आशा ठेवू नका.

मग पुरावा. काहीही खोलण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढायचे, त्यात किलोमीटरचा आकडाही घ्यायचा. आधीच्या गॅरेजला लगेच मेसेज करायचा, नुसता फोन नाही: "अमुक ठिकाणी गाडी बंद पडली, अमुक भाग असा दिसतोय, फोटो पाठवतोय. तुम्ही येता, माणूस पाठवता, की इथं दुरुस्त करून घेऊ?" त्याला संधी देणं हे सौजन्य तर आहेच, उद्या आयोगासमोर तुमच्या बाजूचा मुद्दाही आहे. दुसऱ्या मेकॅनिकनं काढलेला जुना भाग पिशवीत घालून घरी आणायचा. आणि त्याच्याकडून बिलावरच दोन ओळी लिहून घ्यायच्या: काय सापडलं, काय केलं. "आधीच्यानं वाट लावली" असली शेरेबाजी नको. "खालच्या होजचा क्लॅम्प ढिला आढळला, होज चांगल्या स्थितीत" एवढं पुरे.

मी फोटो काढले, पण मेसेज त्याच वेळी केला नाही. संतापात होतो आणि आई उन्हात बसली होती. डेडियापाड्याच्या मेकॅनिककडून लिहूनही घेतलं नाही. या दोन चुका पुढं नडल्या.

बिल हाच तुमचा साक्षीदार

"कूलंटला हातच लावला नाही" या वाक्यावर माझ्याकडं उत्तर काय होतं? बिल नाही, जॉब कार्ड नाही. वाचवलं ते त्या एका ओळीच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजनं, ज्यात "कूलंट" हा शब्द होता. दाजींनी तो पुसला नव्हता हे नशीब. तो परत पाठवल्यावर समोरचा सूर बदलला.

यूपीआयनं पैसे दिले असते तर पैसे दिल्याचं सिद्ध झालं असतं, पण कशाचे ते नाही. बिलात ते असतं. म्हणून गाडी देताना जॉब कार्ड आणि घेताना बिल, हे दोन कागद घ्यायचेच. जॉब कार्डवर तारीख, किलोमीटर, तुमची तक्रार, करायची कामं आणि अंदाजे खर्च. बिलात प्रत्येक पार्टचं नाव, कंपनी, किंमत आणि मजुरी वेगळी.

आता 18 टक्क्यांचं. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी एकसारखा 18 टक्के झाला आहे, आधी बऱ्याच भागांवर तो 28 होता. मजुरीवरही 18 टक्केच. पण प्रत्येक गॅरेजवाला जीएसटी लावू शकत नाही. नोंदणी असेल तरच लावता येतो. बिलावरचा जीएसटी क्रमांक 15 अक्षर-अंकांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे: गुजरात 24, महाराष्ट्र 27, मध्य प्रदेश 23, कर्नाटक 29, गोवा 30, तेलंगणा 36. छाणीच्या गॅरेजच्या बिलावर 24 नं सुरू होणारा क्रमांक असायला हवा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. कंपोझिशन योजनेतला व्यापारी ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही.

लहान मेकॅनिकची उलाढाल कमी असेल तर त्याला नोंदणीच लागत नाही. मग तो जीएसटी न लावता साधं छापील किंवा हातानं लिहिलेलं बिल देऊ शकतो, आणि ते पूर्ण वैध असतं. म्हणजे "बिल हवं तर 18 टक्के जास्त" हे वाक्यच गोंधळात टाकणारं आहे. नोंदणी असेल तर कर भरणं त्याला बंधनकारक, नसेल तर कर घेणंच चुकीचं. दोन्हीकडं बिल द्यायलाच हवं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. मी कॉमर्स शिकलेला माणूस, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी 1,233 रुपयांचा मोह पडला.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. गाडीची दुरुस्ती ही पैसे घेऊन दिलेली सेवा, आणि त्या सेवेतली उणीव ही तक्रारीची बाब. यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

एक. तक्रार कुठं करायची? पूर्वी सामनेवाल्याच्या गावी किंवा घटना जिथं घडली तिथं जावं लागायचं. नव्या कायद्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथं राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे काम छाणीत झालं असलं तरी नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार चालते. हेच सुरतेत, सेंधव्यात, बिदरात, निपाणीत काम करून घेणाऱ्या सीमेवरच्या प्रत्येकाला लागू. राज्याची हद्द आडवी येत नाही.

दोन. मुदत. घटनेपासून दोन वर्षं.

तीन. फी. मोबदला म्हणून दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. आपल्यासारख्यांचं सर्व्हिसिंगचं बिल त्यातच बसतं. वकील लावणं सक्तीचं नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते. आधी ई-दाखिल होतं, 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती हे पोर्टल आलं आहे. योग्य कारण दाखवलं तर व्हिडिओ कॉन्फरन्सनं सुनावणीही मागता येते.

चार. 30 दिवसांचा मुद्दा. बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, सदोष सेवा मागं घेऊन पैसे परत करायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा. म्हणून तक्रार लेखी आणि 30 दिवसांच्या आत गॅरेजला पोचवा.

पाच. धंद्याची गाडी. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा या कायद्यातून वगळली आहे. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः गाडी चालवणारा माणूस ग्राहकच धरला जातो. नवापूर-सुरत किंवा अक्कलकुवा-अंकलेश्वर फेऱ्या मारणाऱ्या आपल्या एकेका गाडीच्या मालक-चालकांनी हे लक्षात ठेवावं. त्यांचं नुसतं दुरुस्तीचं नाही, बुडालेल्या दिवसांचंही नुकसान असतं. त्याची नोंद, वही, फेऱ्यांच्या पावत्या जपून ठेवा.

निकाल साधारण तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही खरं. म्हणून आयोगाआधी एक पायरी आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. मराठीतही बोलता येतं, गुजरातीतही. हे न्यायालय नाही, मध्यस्थी आहे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरविरुद्ध तिचा जास्त उपयोग होतो. रस्त्याकडच्या एकट्या मेकॅनिकच्या बाबतीत समोरासमोर बोलणंच बरं.

पैसे अडवून धरावेत का?

बरेच जण सांगतात, "पैसे देऊच नका." पण गाडी त्याच्या आवारात असेल तर हे उलटतं. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 170 प्रमाणे ज्या वस्तूवर कारागिरानं मेहनत किंवा कौशल्य लावलं ती वस्तू मोबदला मिळेपर्यंत तो ठेवून घेऊ शकतो. कायद्यातच उदाहरण दिलंय: हिरा कापून पॉलिश करायला दिला, तर पैसे मिळेपर्यंत जवाहिऱ्यानं तो ठेवून घ्यावा. दीडशे वर्षांपूर्वीचा हिरा, आजची हॅचबॅक, नियम तोच. मात्र हा हक्क त्याच कामाच्या पैशांपुरता. मागची उधारी वसूल करायला आजची गाडी अडवता येत नाही. आणि गाडी ताब्यात असेपर्यंत ती नीट सांभाळण्याची जबाबदारी त्याची.

म्हणून रकमेवर वाद असेल तर पैसे भरा, बिलावर "हरकत राखून रक्कम दिली" असं लिहून सही करा, फोटो काढा, गाडी घेऊन बाहेर पडा. भांडण नंतर करता येतं.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते का?

नव्या गाडीवाल्यांना ही भीती घातली जाते. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड सुनावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं हा मुद्दा होता. दंडाचं प्रकरण पुढं अपिलात गेलं. पण आयोगानं मांडलेलं सूत्र महत्त्वाचं आहे: बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळं जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. त्यासाठीही परत तेच, कुठं काय काम केलं याचा कागद हवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर 2022 मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे.

शेवटी काय झालं

पंधरा दिवस फोनाफोनी चालली. मेसेज पाठवला, फोटो पाठवले. गॅरेजवाला शेवटी म्हणाला, "क्लॅम्प ढिला राहिला असेल, पोरगा नवीन होता, मानतो. पण साहेब, काटा वर गेल्यावर गाडी का चालवली? तिथंच थांबला असता तर 600 रुपयांत काम झालं असतं. हेड माझ्यानं नाही, तुमच्यानं गेलं."

मला राग आला. पण रात्री हिशोबाची वही घेऊन बसलो तेव्हा त्याचं म्हणणं पूर्ण खोडता येईना. गळती त्याची, चार-पाच किलोमीटर माझे. क्लॅम्प आवळला असता तर काहीच झालं नसतं, हे खरं. लगेच थांबलो असतो तर हेड वाचण्याची शक्यता होती, हेही खरं. मी त्याला सांगितलं, डेडियापाड्याचे 600 पूर्ण तुझे, बाकीचे 14,200 अर्धे अर्धे. म्हणजे 7,700 दे. घासाघीस होऊन त्यानं 7,000 पाठवले. या वेळी यूपीआयनं, आणि "अमुक तारखेच्या कामाबाबत, आता दोन्ही बाजूंनी तक्रार नाही" असा मेसेज दोघांनी एकमेकांना केला.

माझ्या खिशातून 7,800 गेले. 1,233 वाचवायला निघालो होतो. पक्कं बिल असतं तरी माझे ते चार-पाच किलोमीटर पुसले गेले नसते, पण पंधरा दिवस मनस्ताप झाला नसता, आणि दाजी-ताईला मध्ये पडून ओळखीच्या माणसाशी वाईटपणा घ्यावा लागला नसता. ओळखीच्या गॅरेजमध्ये आपण बिल मागायला लाजतो. पण कागद असला की उलट ओळख टिकते, कारण मग कोण खरं बोलतंय यावर वाद उरत नाही.

सर्व्हिसिंगनंतर एवढं करा

गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडून ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइलची पातळी स्वतः बघा. मेकॅनिकला शेजारी बसवून दोन-तीन किलोमीटर चालवा.

बदललेले जुने भाग मागून घ्या. ते तुमचे आहेत.

रात्री गाडी जिथं उभी करता तिथं खाली पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर डाग दिसला तर रंग आणि जागा बघा. काळपट तपकिरी असेल तर ऑइल, हिरवा-गुलाबी-निळा आणि चिकट असेल तर कूलंट. एसीचं स्वच्छ पाणी असेल तर काळजी नको.

चाकं काढली असतील तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट परत आवळून घ्या.

नवे ब्रेक पॅड बसवले असतील तर पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ नये अशी गाडी चालवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्व्हिसिंगच्या दुसऱ्याच दिवशी लांबच्या प्रवासाला निघू नका. निदान दोन-तीन दिवस गावातल्या गावात फिरवा. जे ढिलं राहिलं असेल ते घराजवळ कळू द्या, आई मागच्या सीटवर झोपलेली असताना डेडियापाड्याच्या चढावर नको.